शहात्तर टक्क्यांचं जहाज

(देवरूख इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज दारातच दोघातिघांनी आम्हाला अडवून विचारलं, की देवरुखात विमानवाहू जहाजावर व्याख्यान कशाला? समुद्र तिकडे, पन्नासेक किलोमीटरवर. आपला संगमेश्वर तालुका डोंगराकडचा. आपल्याला मार्लेश्वर जवळचा, मिरकरवाडा लांबचा. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर थोडं पुढे येईल, कारण ते लाकडाशी संबंधित आहे.

आधी एक खुलासा. आज आम्ही 'आम्ही' म्हणून बोलतोय ते मोठेपणाने नव्हे. ही टिपणं आम्ही तिघांनी मिळून काढली. एकाचा हात लोखंडकामात गेला, एक इतिहास शिकवतो, आणि तिसरा नुसता वाचतो आणि वाद घालतो. आमच्यातही सगळ्या मुद्द्यांवर एकमत झालेलं नाही. जिथे झालं नाही तिथे ते तुम्हाला ऐकू येईलच.

२ सप्टेंबर २०२२ हा दिवस आठवा. कोचीला 'आयएनएस विक्रांत' नौदलात दाखल झाली. त्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर दोन तऱ्हेचे संदेश फिरत होते. एक: संपूर्ण स्वदेशी, जगाने बघावं. दुसरा, जरा उशिरा, बहुतेक रात्री जेवल्यावर आलेला: इंजिनं अमेरिकेची, विमानं रशियाची, रडार इस्रायलचं, मग आपलं काय, रंग? आम्हाला दोन्ही संदेश आले. काहींकडून तर दोन्ही आले, एकाच दिवशी. (हशा)

आमची तक्रार दोन्हींबद्दल आहे. पहिला माणूस जहाज बघतच नाही, झेंडा बघतो. दुसऱ्यालाही जहाज दिसत नाही, तो फक्त पावत्या बघतो. जहाज कसं बांधलं गेलं याकडे दोघांचीही पाठ. आणि सांगायची गोष्ट तर तिथेच आहे.

आकड्यापासून सुरू करू. सरकारने सांगितलेला आकडा ७६ टक्के. विक्रांतमधला स्वदेशी भाग ७६ टक्के. आता टक्के म्हटलं की आपण लगेच मान डोलावतो, दहावीच्या निकालापासूनची सवय आहे ती. पण टक्के कशाचे? वजनाचे म्हणाल तर जहाजाचं बहुतेक वजन पोलादाचं, मग आकडा आणखी वर जाईल. नटबोल्टपासून एकेक वस्तू मोजाल तर आणखी तिसराच येईल. आणि सगळ्यात नाजूक, सगळ्यात कळीच्या वस्तू मोजाल तर खाली येईल. नौदलातले लोक स्वतः याची विभागणी जास्त प्रामाणिकपणे करतात. ते जहाजाचे तीन भाग पाडतात: तरंगण्याचा, चालण्याचा आणि लढण्याचा. तरंगण्याचा भाग, म्हणजे सांगाडा, पत्रा, कप्पे, हा जवळजवळ सगळा आपला. चालण्याचा, म्हणजे इंजिनं, गिअर, दांडे, पंखे, हा निम्म्याहून थोडा जास्त आपला. लढण्याचा, म्हणजे रडार, क्षेपणास्त्रं वगैरे, हा साधारण तिसरा हिस्सा आपला. तीन वेगळे आकडे आहेत हे. त्यांची सरासरी काढून एक ७६ सांगितला, की खरी माहिती त्यात बुडून जाते. एखाद्या मुलाला मराठीत नव्वद, विज्ञानात साठ, गणितात तीस मिळाले, तर त्याच्या बापाला सरासरी सांगून चालेल का? बाप विचारणार, गणिताचं काय?

आता गणिताकडे जायच्या आधी त्या नव्वदबद्दल बोलू. कारण ते नव्वद सोपे नव्हते, आणि टीका करणाऱ्यांना हेच माहीत नसतं.

या जहाजाचा कल्पनेपासूनचा प्रवास लांबलचक आहे. १९८९-९०च्या सुमारास विचार सुरू झाला, मग देशाच्या तिजोरीचे वाईट दिवस आले, मग लहान जहाज, मग मोठं, असं करत २००३ मध्ये केंद्राची मंजुरी आली. २००५ मध्ये पोलादाचा पहिला तुकडा कापला. कणा ठेवला तो २८ फेब्रुवारी २००९ला. आता २००५ आणि २००९ यांच्यात चार वर्षं का गेली? मोठं कारण पोलाद. युद्धनौकेचं पोलाद रशियाकडून यायचं ठरलं होतं. ते आलं नाही. वेळेवर नाही, पाहिजे तितकं नाही.

युद्धनौकेला लागणारं पोलाद म्हणजे गोठ्याला ठोकायचा पत्रा नव्हे. त्याला ताकद हवी, पण नुसती ताकद नको. जास्त कडक केलं की ते काचेसारखं वागतं, थंड पाण्यात दणका बसला की तडकतं. जहाजाशेजारी पाणसुरुंग फुटला तर पत्रा वाकला पाहिजे, फाटला नाही पाहिजे. वर तो जोडताही आला पाहिजे. वेल्डिंग करताना जोडाच्या बाजूची पट्टी तापते आणि निवते, आणि तिथेच केसासारखी चीर पडते, जी आज दिसत नाही आणि पाच वर्षांनी दिसते. आमच्यातल्या लोखंडकामवाल्याचं म्हणणं, की पोलाद करणं अर्धं काम, ते जोडायला शिकणं उरलेलं अर्धं. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने हे पोलाद तयार केलं. डीएमआर २४९ए हे त्याचं नाव, आणि उड्डाणाच्या डेकसाठी त्याचाच जास्त मजबूत भाऊ, २४९बी. स्टील अथॉरिटीच्या भिलाई, राऊरकेला, बोकारोच्या कारखान्यांनी ते ओतलं आणि लाटलं. एकट्या विक्रांतला वीस हजार टनांहून जास्त लागलं. २६२ मीटर लांब जहाज आहे हे. संगमेश्वर रोड स्टेशनात अकरा-बारा डब्यांची गाडी उभी राहते ना, तेवढं. आणि पोटात सुमारे २,३०० कप्पे.

पण खरी मजा पुढे आहे. हेच पोलाद नंतर कोलकात्याला बांधलेल्या 'कामोर्ता' या पाणबुडीविरोधी नौकेत वापरलं गेलं. ती विक्रांतच्या आठ वर्षं आधी, २०१४ मध्ये नौदलात आलीसुद्धा. म्हणजे मोठ्या जहाजासाठी शिकलेली गोष्ट लहान जहाजाने आधी वापरून टाकली. याला आम्ही स्वदेशी म्हणतो. कुठल्या टक्केवारीत बसतं हे? रशियाने पोलाद वेळेवर दिलं असतं, तर विक्रांत कदाचित चार वर्षं आधी पाण्यात उतरली असती, आणि आपण त्या पोलादाबाबत होतो तिथेच राहिलो असतो. उशिराला आपण शिव्या घालतो, महालेखापरीक्षकांनीही २०१६च्या अहवालात वेळापत्रकावरून कान उपटले, आणि ते योग्यच केलं. पण सगळा उशीर एका जातीचा नसतो. फाइल पडून राहिली म्हणून झालेला उशीर वेगळा, आणि वस्तू स्वतः करायला शिकलो म्हणून झालेला वेगळा. विक्रांतच्या वाट्याला दोन्ही आले.

आणि न बांधण्याची किंमत काय असते तेही बघा. कारवारला उभी असते ती 'विक्रमादित्य'. जुनं रशियन जहाज, सांगाडा जवळजवळ फुकट, फक्त दुरुस्तीचे पैसे द्या, असा सौदा होता. दुरुस्तीचा आकडा ठरलेल्याच्या दुपटीच्या वर गेला आणि जहाज २०१३ मध्ये हातात आलं, कित्येक वर्षं उशिराने. फुकटच्या बैलाचे दात मोजत नाहीत म्हणतात. मोजावे लागतात, बाबांनो.

आता गणिताचे तीस.

विमानवाहू जहाज हे शेवटी विमानासाठी असतं. समुद्रावरचं ते एक धावपट्टीचं गाव. विक्रांतच्या पुढच्या टोकाला चढ आहे, उडी मारायच्या फळीसारखा. विमान धावत येतं आणि त्या चढावरून हवेत फेकलं जातं. उतरताना शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो. तार तीन ठिकाणी असते. आणि गंमत अशी, की वैमानिक टेकताना इंजिनाचा जोर कमी करत नाही, पूर्ण ठेवतो. का? तार चुकली तर लगेच पुन्हा उडता यायला पाहिजे. थांबायला आलेला माणूस पळायच्या तयारीनेच येतो. आपल्याकडे होडीवाल्याला वारा कळतो तसं इथे जहाजालाच वाऱ्याला तोंड देऊन पळावं लागतं, विमानाला उचलायला वारा मदत करतो म्हणून. या पद्धतीत मर्यादाही आहे. ढकलयंत्र नसल्यामुळे विमानाला पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रं घेऊन उडणं जड जातं. चीनचं तिसरं जहाज 'फुजियान' २०२२च्या जूनमध्ये पाण्यात उतरलं, ते विजेच्या ढकलयंत्रासह. विक्रांत नौदलात येण्याआधी अडीच महिने.

या धावपट्टीवर विमानं कुठली? रशियन मिग-२९के. आणि आता फ्रान्सची राफेल. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एमचा करार झाला, सुमारे ६३ हजार कोटींचा. विक्रांत बांधायला सुमारे २० हजार कोटी लागले. जहाजाच्या तिप्पट पैसे त्याच्यावरच्या विमानांना. त्यात शस्त्रं, सुटे भाग, प्रशिक्षण सगळं आलं हे खरं, तरी प्रमाण लक्षात घ्या. घर आपलं, पण घरात राहणाऱ्याचा खर्च घराच्या तिप्पट, आणि तो दुसऱ्याच्या खिशात जाणारा. आपलं तेजस, त्याचं नौदलाचं रूप, ६ फेब्रुवारी २०२३ला विक्रांतवर उतरलं. उतरवणाऱ्यांना आमचा सलाम. पण ते प्रात्यक्षिक होतं. लढायला जाताना ते विमान जहाजावर असणार नाही, कारण एका इंजिनाच्या ताकदीत जेवढं न्यायला हवं तेवढं नेता येत नाही. दोन इंजिनांचं आपलं विमान अजून आखणीत आहे. आणि इंजिन? जेट इंजिन आपण अजून केलेलं नाही. विक्रांतला चालवणारी चार गॅस टर्बाइन्सही अमेरिकन बनावटीची, जुळवणी इथली. गणिताचा पेपर इथेच अवघड जातो, प्रत्येक वेळी.

इथे आमच्यातला वाद घालणारा म्हणतो, की मग दुसरा संदेश खरा. रंगच आपला. नाही. जग बघा जरा. ब्रिटनची 'क्वीन एलिझाबेथ' २०१७ मध्ये आली. तिच्यावरची लढाऊ विमानं अमेरिकेची. फ्रान्सला आपण स्वाभिमानी म्हणतो. त्यांच्या 'शार्ल द गोल'वरचं वाफेचं ढकलयंत्र अमेरिकन आराखड्याचं आणि टेहळणीची विमानं अमेरिकन. जपानने 'होशो' हे जहाज १९२२ मध्ये बांधलं तेव्हा ब्रिटिश वैमानिकांचं पथक येऊन शिकवून गेलं होतं. एकोणीस वर्षांनी त्याच जपानची सहा विमानवाहू जहाजं पर्ल हार्बरवर गेली. चीनचं पहिलं तर युक्रेनमध्ये अर्धवट पडलेला सांगाडा विकत आणून पुरा केलेलं. शंभर टक्के स्वतःचं विमानवाहू जहाज असलेला देश शोधायचा तर एकटी अमेरिका जेमतेम सापडेल. तेव्हा परकं काही असण्याची लाज वाटायचं कारण नाही. विचारायचं ते हे, की जे परकं आहे ते दरवेळी तेच राहतंय का.

आता लाकूड.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल, निदान त्यातला एक भाग तरी. आंबा-फणसाची झाडं तोडू नका, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, असा आशय आहे. दर पर्यावरण दिनाला तो शाळेशाळेत वाचला जातो. शिवछत्रपतींची पर्यावरणदृष्टी म्हणून. आमचं नम्र म्हणणं असं, की तो भाग आपण अर्धा वाचतो. तो कुठे येतो? आरमाराच्या प्रकरणात. सुरुवात होते ती आरमाराला फळ्या, सोट, डोलकाठ्या लागतात, मोठं लाकूड लागतं, इथून. राज्यातल्या अरण्यातला साग परवानगीने तोडावा, कमी पडेल तो परमुलुखातून विकत आणावा, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. एखादं झाड अगदीच जुनं झालं असेल तर धन्याच्या राजीखुशीने, पैसे देऊन तोडावं. हा जहाजबांधणीच्या कच्च्या मालाचा हिशेब आहे. कोणतं लाकूड स्वतःचं, कोणतं विकत, आणि स्वतःचं म्हणजे रयतेच्या जिवावर उठून घ्यायचं नाही. तिनशे वर्षांपूर्वी कुणीतरी स्वदेशीची व्याख्या इतकी काटेकोर लिहून ठेवली, आणि आपण तिचं झाडे लावा करून टाकलं. झाडं लावावीतच. पण दाराशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे: देवरुखात जहाजावर बोलायचं कारण जहाजाचं लाकूड सह्याद्रीच्या याच अंगाला वाढायचं.

त्या आरमाराचेही तीन भाग पाडून बघा. तरंगण्याचा भाग: गलबतं, गुराबा, पाल. आपल्या खाड्यांना साजेशी, कमी पाण्यात जाणारी, आपल्या सुतारांनी केलेली. चालण्याचा: वारा देवाचा, शीड आणि वल्ही आपली, खलाशी भंडारी, कोळी, दालदी. आणि लढण्याचा? तोफा. चांगली तोफ ओतणं आपल्याला साधलं नाही. पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रज, ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून ती मिळवायची खटपट करावी लागे. बांधणीसुद्धा सुरुवातीला सगळी आपली नव्हती. कल्याण-भिवंडीला १६५७ ते ५९च्या सुमारास पहिली जहाजं बांधायला घेतली तेव्हा रुय लैताव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याच्या हाताखालचे शेकडो कारागीर कामाला होते. वसईच्या पोर्तुगीजांच्या लक्षात आलं, की हे आरमार उद्या आपल्याच अंगावर येणार. त्यांनी कारागिरांना आतून निरोप धाडला आणि ती माणसं काम टाकून निघून गेली. रशियाचं न आलेलं पोलाद आठवा. महाराजांनी तरी काम थांबवलं नाही, इथल्या माणसांकडून पुढे नेलं, हा त्या गोष्टीचा चांगला भाग. तोफ मात्र सरखेल कान्होजींच्या काळीही विकत घ्यायचीच वस्तू राहिली. ही सल आम्हाला जास्त टोचते. सांगाडा आपला, तोफ त्यांची. साडेतीनशे वर्षं झाली, आणि आपण अजून तेच वाक्य थोड्या नव्या शब्दांत म्हणतोय.

ज्या दिवशी विक्रांत आली त्याच दिवशी नौदलाचा नवा ध्वजही आला. जुना सेंट जॉर्जचा क्रूस गेला, आणि निळ्या अष्टकोनात नांगर, राजचिन्ह, 'शं नो वरुणः' आलं. अष्टकोन महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला. महाराष्ट्राला आनंद झाला, आम्हालाही झाला. खोटं कशाला बोला. पण आनंद ओसरल्यावर आमच्यातल्या इतिहासवाल्याने एक प्रश्न टाकला, तो तुमच्यापुढे ठेवतो: मुद्रा आपण जपली, पण आरमाराचं आपण काय केलं?

१७५६चा फेब्रुवारी. विजयदुर्ग. समुद्राकडून इंग्रजांची जहाजं, वॉटसन आणि क्लाइव्ह. आणि जमिनीकडून कोण? पेशव्यांची फौज. तुळाजी आंग्र्यांशी नानासाहेबांचं वैर होतं, तुळाजीही काही संत नव्हता, सगळं मान्य. पण इंग्रजांच्या गोळ्यांनी आग लागली आणि आंग्र्यांचं आरमार खाडीत जळून गेलं, बांधायला घेतलेली जहाजंसुद्धा. तिथून जवळ गिर्ये इथे आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे, अजून बघता येते. बघायला जा. पाटी वाचून परतू नका, आत उतरा. पुढे पेशव्यांनी धुळपांच्या हाताखाली विजयदुर्गला आरमार ठेवलं, त्यांनी इंग्रजांची जहाजंही पकडली, पण एकदा मोडलेली घडी पूर्वीसारखी बसली नाही.

आणि त्याच किनाऱ्यावर, मुंबईला, वाडिया घराणं इंग्रजांसाठी जहाजं बांधत होतं. १७३६ पासून. मलबारचा साग, इथले सुतार. त्यांनी बांधलेलं 'ट्रिंकोमाली' १८१७चं. ते जहाज आजही आहे. कुठे? इंग्लंडमध्ये, हार्टलपूलला, पाण्यावर, नीट जपलेलं. लोक तिकीट काढून बघतात.

आता आपल्या घरची गोष्ट ऐका. पहिली विक्रांत. सांगाडा ब्रिटिश, बेलफास्टला पुरी झाली, ४ मार्च १९६१ला आपली झाली. १९७१ मध्ये तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले होते, वेग कमी करावा लागत होता, तरी तिला बंगालच्या उपसागरात नेलं, आणि तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि आलिझे विमानांनी कॉक्स बाझार, चित्तगाव ठोकून काढलं. ३१ जानेवारी १९९७ला ती निवृत्त झाली. मुंबईत तिचं संग्रहालय झालं, अनेक शाळांच्या सहली गेल्या, आमच्यातले दोघे तिच्या डेकवर धावलेले आहेत. २०१२ मध्ये ती धोकादायक म्हणून बंद झाली, आणि २०१४ मध्ये सुमारे साठ कोटींना भंगारात गेली. दारूखान्याला तोडली. तिच्या लोखंडाची मोटरसायकल आली बाजारात. ती घेऊन गावात आलेल्या एकाला आम्ही विचारलं, कशी चालते? म्हणाला, ॲव्हरेज बरं आहे. (हशा)

बरं, ती मुंबईची म्हणू. पण 'विराट' तर आपल्या कोकणाच्या वाट्याला आली होती. मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ठराव केला: सिंधुदुर्गात, निवतीच्या खडकांजवळ तिचं संग्रहालय, ८५२ कोटींची योजना. काय बातम्या आल्या होत्या! पुढे काय झालं? गुंतवणूकदार आला नाही, पैसा उभा राहिला नाही, सप्टेंबर २०२०ला विराट मुंबईहून अलंगला निघाली. ३८ कोटी ५४ लाखांना विकली. आता 'गुलदार' नावाची लहानशी निवृत्त नौका निवतीजवळ समुद्रात बसवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. होवो. पण ८५२ कोटींची योजना छापून आणणं आणि गंजणाऱ्या पत्र्याला दरवर्षी रंग देणं, यातलं दुसरं अवघड असतं, हे आपण शिकलो का? लोखंडाला समुद्राची हवा लागली की रोज खातं ते. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. जहाज बांधणं आणि जहाज राखणं या दोन्हींना एकाच जातीची चिकाटी लागते. ज्याने हार्टलपूलला ट्रिंकोमाली राखली, तोच देश तेव्हा जहाजंही बांधत होता. आणि मुद्रा आपली म्हणणारे आपण दोन्ही जहाजं भंगारात घालवली, हे या सभागृहात बोलायला नको तर कुठे?

आमच्यातल्या वाद घालणाऱ्याला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, जुनं लोखंड जपून पोट भरत नाही, आठशे कोटी होते तर मच्छीमारांच्या जेट्ट्या करा. मुद्दा चुकीचा नाही. फक्त जेट्ट्याही झाल्या नाहीत.

तर परकं आहे ते दरवेळी तेच राहतंय का, या प्रश्नाकडे परत येतो. आपल्याकडे याचं चांगलं उत्तर एकदा दिलं गेलं आहे, आणि तेही मुंबईत. माझगाव डॉकने 'निलगिरी' ही युद्धनौका बांधली, ३ जून १९७२ला नौदलात आली. ब्रिटिशांच्या लिअँडर आराखड्याची नक्कल. पहिलीत बरंच काही बाहेरचं होतं. पण थांबले नाहीत. सहा बांधल्या, शेवटची विंध्यगिरी १९८१ची. प्रत्येकीत थोडं जास्त आपलं, थोडं कमी बाहेरचं. आणि सहाव्यानंतर 'गोदावरी' आपल्या आराखड्याची करता आली, १९८३ मध्ये. त्या कारखान्यात रत्नागिरीची किती माणसं होती ते मोजायला नको, तुमच्यापैकी कुणाचे तरी काका, कुणाचे मामा तिथून निवृत्त झालेत, पेन्शन घ्यायला तालुक्याच्या बँकेत येतात. त्यांना विचारा, पहिल्या जहाजाला किती दिवस लागले आणि सहाव्याला किती. आकडे कदाचित नीट आठवणार नाहीत. पण पहिल्या जहाजात कुठला जोड तीनदा उकलून पुन्हा केला, ते बरोबर आठवेल.

विक्रांतला बहीण नाही. कोचीला ज्यांनी २४९ए जोडायला शिकून घेतलं, २,३०० कप्प्यांतून केबल ओढली, त्या माणसांचं वय वाढतंय. काही निवृत्त झाली, काही आखातात गेली. दुसऱ्या जहाजावर वर्षानुवर्षं चर्चा चाललीय: मोठं हवं की तेवढंच, ढकलयंत्राचं की चढाचं, का पाणबुड्या आधी घ्याव्यात. पाणबुड्यांचा मुद्दा आम्हाला वजनदार वाटतो, तेही सांगून टाकतो. पण मग हे जहाज कशासाठी शिकलो, याचं उत्तर कुणीतरी दिलं पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये कोचीच्या कारखान्यात नवी सुकी गोदी उघडली. लांबी ३१० मीटर, खर्च सुमारे १,८०० कोटी. विक्रांतपेक्षा मोठं जहाज त्यात मावतं. दुसऱ्या विमानवाहू जहाजाचा कणा मात्र तिथे अजून ठेवलेला नाही.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत, पंधरा मिनिटं आहेत. पहिली चिठ्ठी आयटीआयच्या एका मुलाची दिसते, वेल्डर ट्रेडचा. विचारतो, कोचीला भरती कधी असते आणि मराठी चालतं का? भरतीचं त्यांच्या संकेतस्थळावर लागतं, बघत राहा. मराठी चालणार नाही. हिंदी चालेल, मल्याळम शिकलास तर फोरमन लवकर ओळखेल. व्याख्यान संपल्यावर थांब, आमच्यातला लोखंडकामवाला तुझ्याशी बोलेल.